हिरवा डबा

खापर गावच्या बसथांब्यासमोर लखनचं गाड्यांच्या स्पेअर पार्टचं दुकान होतं. पाटीवर नाव त्याचं, पण कुठल्या गाडीला काय लागतं हे त्याच्या बायकोला, प्रतिभाला जास्त कळायचं. लग्न होऊन आली तेव्हा तिला पाना कसा धरतात हेही माहीत नव्हतं. सासरे वारले, लखनला एका जागी बसायचा कंटाळा, म्हणून गल्ल्यावर ती बसू लागली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की डब्यांवरचा बारीक मजकूर वाचायची. कुणाकडे नवी गाडी आली की तिच्याबरोबर मिळालेलं पुस्तक मागून आणायची. असं करत पंधरा वर्षं झाली. मोलगीकडचे जीपवाले “भाभी, तुम्हीच सांगा” म्हणायचे. लखन समोर असला की मात्र तिच्याकडे कुणी बघायचं नाही.

एप्रिलमध्ये एका सकाळी भीमसिंग आला. सातपुड्यातल्या एका पाड्यावरचा माणूस. दहा वर्षं दुसऱ्यांच्या जीप चालवून त्यानं नुकतीच गुजरातमधून स्वतःची जुनी गाडी आणली होती. अक्कलकुवा ते मोलगी, देवगोईच्या घाटातून सवारी भरायचा.

“भाभी, कूलंट द्या. टाकीतलं खाली गेलंय. ते हिरवं असतं ना, ते द्या.”

“आत्ता टाकीत कोणतं आहे?”

भीमसिंगला ठाऊक नव्हतं. प्रतिभा उठून बाहेर गेली, बॉनेट उघडायला लावलं आणि बाजूच्या प्लॅस्टिकच्या टाकीत वाकून पाहिलं. आत गुलाबी होतं. टाकीवरची अर्धी पुसलेली चिठ्ठी तिनं पदरानं घासून वाचली.

“हिरवं घालू नका, भीमसिंगभाऊ. नुसत्या रंगावर जायचं नसतं, कंपन्या मनाला येईल तो रंग देतात. पण तुमच्या गाडीत वेगळ्या जातीचं आहे, जास्त वर्षं टिकणारं. आमच्याकडचं हिरवं जुन्या पद्धतीचं. दोन्ही एकत्र झाली तर आत साय धरल्यासारखा चिकट गाळ होऊ शकतो. रेडिएटरच्या नळ्या बुजतात.”

“मग?”

“तुमच्या जातीचा डबा उद्या नंदुरबारहून मागवते. तोवर बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी घाला थोडं. आजच्या दिवसाला चालेल.”

भीमसिंगनं मान हलवली. दोघं दुकानात परतली, तेवढ्यात चहा पिऊन लखन आला. काय चाललंय ते ऐकून हसला.

“अरे, कूलंट म्हणजे कूलंट! इंजिन थंड ठेवायचं पाणी. त्याला जात कसली?” त्यानं फळीवरचा हिरवा डबा काढला आणि उलटा करून मागचा मजकूर भीमसिंगसमोर धरला. “हे बघ, बर्फात गोठत नाही लिहिलंय. आपल्याकडे चव्वेचाळीस डिग्री तापतंय. इथं काय गोठणार? कोणतंही घाल.”

“तेच उकळू पण देत नाही आणि गंज धरू देत नाही,” प्रतिभा म्हणाली. “म्हणून तर योग्य ते पाहिजे. मिसळलं तर...”

“तुले काय समजस?” लखनचा आवाज चढला. “घाटमा गाडी तू चलावस का? त्याले डबा दी दे.”

दुकानात आणखी दोघं-तिघं उभे होते. त्यातला एक हसला. भीमसिंगनं एकदा प्रतिभाकडे पाहिलं, एकदा लखनकडे, आणि म्हणाला, “शेठ म्हणतात तर द्या, भाभी. सवारी खोळंबलीय.”

प्रतिभानं हिरवा डबा त्याच्या हातात दिला.

त्यानंतर भीमसिंग तीन-चारदा दुकानावरून गेला, हात केला. गाडी नीट चालत होती. लखन तिला मुद्दाम म्हणायचा, “गई बघ तुन्ही गुलाबी गाडी!” ती डब्यांवरची धूळ झटकत राहायची. आपलं चुकलं असावं, असंही एक-दोनदा तिच्या मनात आलं, आणि चुकलेलंच बरं असं वाटलं.

मेच्या मध्यावर दुकानात एक बाई आली. केस विस्कटलेले, पायात धूळ. भीमसिंगची बायको ममता. तिच्या हातात तोच हिरवा डबा होता, रिकामा. तिनं तो काउंटरवर आपटला.

घाटाच्या निम्म्यात गाडी तापली होती. काटा पार वर गेला. भीमसिंगनं गाडी कडेला घेतली, सवाऱ्या उतरवल्या. गाडीत एक बाळंतीण होती, तिला उन्हात किती वेळ बसवणार, म्हणून तो घाई करत होता. फडकं धरून त्यानं रेडिएटरचं झाकण फिरवलं, तशी आतली वाफ थेट तोंडावर आली. चेहरा, गळा, उजवा हात भाजला. उजव्या डोळ्याचं डॉक्टर काही सांगत नव्हते. मिस्तरीनं रेडिएटर खोलला तर आत तपकिरी, शेवाळासारखा गोळा निघाला.

“मिस्तरी विचारतो, हे कुणी घातलं?” ममता म्हणाली. “या दुकानातनं दिलं. कुणी दिलं?”

दुकान गिऱ्हाइकांनी भरलं होतं. लखननं डब्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, “मी नव्हतो त्या दिवशी. हिनं दिला असेल. बाई माणूस, रंग बघून देऊन टाकलं असेल. आणि गरम झाकण कुणी उघडतं का?”

प्रतिभाला वाटलं आत्ता बोलावं. तोंडात शब्द आले होते. पण सगळे तिच्याकडे बघत होते. तिनं तो रिकामा डबा उचलून काउंटरखाली ठेवला. ममता तिला आपल्या पावरी बोलीत काहीतरी बोलली आणि निघून गेली.

दोन दिवसांनी माहेरी जाते सांगून प्रतिभा नंदुरबारला दवाखान्यात गेली. भीमसिंगचं अर्धं तोंड पट्ट्यांत होतं. आवाजावरून त्यानं तिला ओळखलं.

“तुम्ही नको म्हटलं होतं, भाभी. माझ्या ध्यानात आहे. मी ममताला सांगितलं.”

प्रतिभाला रडू आलं. उशाशी बसलेल्या ममतानं मान वर केली.

“त्यांनी सांगितलं मला. शेठला कळत नव्हतं, त्यानं द्यायला लावलं. तुम्हाला कळत होतं ना? मग तुमच्या हातानं कसा दिला?”

परतीच्या बसमध्ये प्रतिभा तोच प्रश्न घोळवत राहिली.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. दुकान गजबजलेलं असताना ती गल्ल्यावरून उठून उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, “भीमसिंगला तो डबा यांनी द्यायला लावला. मी नको सांगत होते. हे त्या दिवशी इथंच होते. आणि चुकीचा आहे हे माहीत असून हातात मी दिला.”

एका जीपवाल्यानं हातातला फॅनबेल्ट खाली ठेवला आणि तो निघून गेला. लखन पुढच्या गिऱ्हाइकाला सामान काढून देऊ लागला. संध्याकाळी शटर ओढल्यावर एवढंच म्हणाला, “सकाळपाईन दुकानमा येवानं नही.”

दुसऱ्या दिवशी गल्ल्यावर त्याचा चुलतभाऊ भरत बसला. सासूबाईंनी प्रतिभाशी बोलणं टाकलं. शेजारच्या शीलावहिनी एकट्या येऊन हळूच म्हणाल्या, “बरं केलं,” आणि कुणी पाहायच्या आत परत गेल्या. लखनचं दुकान पूर्वीसारखंच चालत राहिलं. जीपवाले पाच-सहा दिवस फिरकले नाहीत, मग येऊ लागले. जवळ दुसरं दुकान नव्हतं.

दिवाळी झाल्यावर डोंगरातली माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघाली. एक टेम्पो थांब्याजवळ उभा राहिला आणि ममता दुकानामागच्या घराच्या दारी पाणी मागायला आली. प्रतिभाला बघून थबकली, पण परत फिरली नाही.

“दुकानात दिसला नाहीत.”

“बसू देत नाहीत आता.”

“बाजारात बोललात म्हणून?”

“हो.”

ममता तांब्या वर धरून पाणी प्यायली. “आम्हाला सांगितलं लोकांनी,” ती म्हणाली. “पण तोवर त्यांचा डोळा गेलेला होता, भाभी.”

तिनं बाटली भरून घेतली. प्रतिभा तिच्या मागोमाग कोपऱ्यापर्यंत गेली. टेम्पोत बिऱ्हाडं, भांडी, पोरं दाटीवाटीनं भरली होती. गठुड्यांच्या मधोमध भीमसिंग बसला होता, डोक्यावरून टॉवेल घेऊन. इतकी वर्षं स्टिअरिंगवर बसलेला माणूस पाठीमागे तोंड करून बसला होता. प्रतिभानं हात वर केला. ती त्याच्या उजव्या बाजूला उभी होती, त्यामुळे त्याला ती दिसली नाही.