वाकून बसलेला माळी

राजधानी पाहायला आलेल्या माणसाने काय पाहावे आणि कोणत्या क्रमाने पाहावे, याविषयी न्हाव्याचे मत पक्के होते. आधी स्वातंत्र्यस्तंभ, मग संसदेसमोरचे मैदान, मग युद्धस्मारक. आणि पायांत त्राण उरलेच तर बागा. आईचे मत नेमके उलट होते. तिने सकाळी स्तंभाकडे मान वर करूनसुद्धा पाहिले नाही, आणि युद्धस्मारकाच्या पायरीवर तर फतकल मारून बसली.

"झालं का तुझं? बागेत कधी न्यायचं मला?"

"आई, एवढ्या लांब आलो ते झाडं बघायला? आपल्याकडे झाडं कमी आहेत का?"

"मग दगड तरी कुठे कमी आहेत?"

सून तोंड फिरवून हसली. न्हाव्याने हात टेकले.

न्हाव्याला वडील आठवत नव्हते. तो पाळण्यात असताना ते पोटापाण्यासाठी परमुलखात गेले आणि तिथेच तापाने दगावले, एवढेच आईने त्याला सांगितले होते. घरात त्यांचे एकही छायाचित्र नव्हते. ते दिसायचे कसे, असे लहानपणी त्याने विचारले की आई भांडी घासता घासता म्हणे, "आरशात बघ जा." म्हणूनच त्याने आरशांचा धंदा पत्करला, अशी त्याची बायको थट्टा करी.

बाग मोठी होती. मधोमध तळे, भोवती हिरवळ, आणि एका जुन्या झाडाखाली लोकांची झुंबड. तिथल्या बाकावर ब्राँझचा एक म्हातारा माळी बसला होता. मांडीवर कुंडी, बोटे मातीत, मान खाली. लोक त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढून घेत, त्यामुळे त्याचा एक खांदा सोन्यासारखा चकाकत होता. दिवसभर गुडघ्यांच्या नावाने शंख करणारी आई तरातरा पुढे गेली आणि पुतळ्यासमोर उभी राहिली.

"अहो, बसा ना त्यांच्याशेजारी. फोटो काढते," बायको म्हणाली.

न्हावी बाकाला वळसा घालून निघाला, आणि पुतळ्याच्या पाठीमागे येताच थबकला.

त्या डोक्यावर दोन भोवरे होते. एक मधोमध, दुसरा डावीकडे, त्याहून लहान आणि उलट्या दिशेने फिरणारा. हे डोके त्याच्या ओळखीचे होते. गिऱ्हाइकांना पाठीमागची बाजू दाखवायचा हातातला आरसा तो कधीमधी, दुकान रिकामे असताना, स्वतःच्या डोक्यामागे धरी. तेव्हा समोरच्या आरशात त्याला हेच डोके दिसे. लग्न नवीन असताना बायकोने या भोवऱ्यांवर बोट ठेवून म्हटले होते, "दोन! म्हणजे तुमचं दुसरं लग्न नक्की." दोन भोवरे पुष्कळांना असतात, अशी त्याने मनाची समजूत घातली. मग त्याचे लक्ष पुतळ्याच्या डाव्या कानाकडे गेले. कानाची वरची कड आत मुडपलेली होती. त्याचा हात आपोआप स्वतःच्या कानाकडे गेला.

तो पुढे आला आणि खाली वाकून पुतळ्याचा चेहरा पाहू लागला. आणखी वीस वर्षांनी आरशात जो दिसायचा, तोच.

"ओळखीचे वाटतात ना?" तिथे उभा असलेला बागेचा पहारेकरी कौतुकाने म्हणाला. "सगळ्यांनाच वाटतात. अख्खं आयुष्य काढलं इथे यांनी. परवा परवा गेले, म्हणजे झाली असतील चार वर्षं. त्यांच्या मुली येतात की, पुतळा पुसायला."

"मुली?"

"दोघी."

बायकोचा मोबाईल उचललेला तसाच राहिला. न्हाव्याने आईकडे पाहिले. ती पुतळ्याला नखशिखान्त न्याहाळत होती.

"टक्कल नाही पडलं," ती म्हणाली. "मला वाटलं होतं, पडेल."

"आई... तुला माहीत होतं?"

"हा बसवला तेव्हा टीव्हीवर दाखवला होता. तू दुकानात होतास."

"तापाने गेले म्हणालीस ना तू मला! मी जन्मभर..."

"मग काय सांगायचं होतं? पंधरा दिवसांत येतो म्हणाले आणि आलेच नाहीत, असं? मेलेल्याची वाट कुणी बघत नाही रे. तू शाळा सोडून दारात बसून राहिला असतास."

"आणि तू?"

"मी बसलेच होते की."

मागे फोटोसाठी ताटकळलेले कुणीतरी ओरडले, "अहो, आटपा की लवकर!" न्हाव्याला ते ऐकूच आले नाही. चार वर्षे! चार वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस या झाडाखाली जिवंत होता. त्याचे केस वाढत होते, आणि ते कुणीतरी कापत होते. ते कुणी कापले असतील, एवढा एकच प्रश्न त्याच्या बधिर डोक्यात फिरत राहिला.

आई बाकाच्या टोकाला, पुतळ्यापासून हातभर अंतर राखून बसली; मग उठली. "बघून झालं. चल."

"थांब जरा."

तो पुन्हा पुतळ्याच्या पाठीमागे गेला. वाकलेल्या मानेवर, कॉलरच्या खाचेत, वाळकी पाने आणि धूळ साचली होती. त्याने खिशातून रुमाल काढून झटकला, डावा हात त्या गार डोक्यावर अलगद ठेवला आणि उजव्या हाताने, कातरून झाल्यावर झटकतात तशी, ती मान साफ करू लागला.