मेणाचा ठोकळा

मोठ्या डॉक्टरांच्या दारापर्यंत तात्या सकाळपासून तीनदा जाऊन परत आले होते. चौथ्यांदा डॉक्टरांनीच मान वर केली आणि मागे फिरायची सोय उरली नाही.

तात्यांना या लॅबमध्ये अठ्ठावीस वर्षं झाली होती. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा, त्याचे पापुद्र्याहून पातळ काप काढायचे आणि काचेवर चढवून डॉक्टरांपुढे ठेवायचे, हे त्यांचं काम. काचेवर काय दिसतं ते डॉक्टर सांगायचे, आणि ते म्हणतील ती पूर्वदिशा. पंधरा दिवसांपूर्वी आलेला जठराचा तुकडा मात्र तात्यांच्या बायकोचा होता. डॉक्टरांनी कॅन्सर लिहिला. सर्जनने ऑपरेशनसाठी गुरुवार दिला. जठर जवळजवळ सगळं काढावं लागणार होतं.

डॉक्टर जेवायला गेलेले असताना तात्यांनी त्या काचेवर नजर टाकली होती. तेव्हापासून त्यांच्या जिवाला चैन नव्हती. जठराचे कॅन्सर त्यांनी शेकड्यांनी पाहिले होते. हा त्यांतला वाटत नव्हता. पण आपण कोण सांगणार? बायकोला नुसतं आणखी एकाला दाखवू म्हटलं, तर ती वैतागली. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, माझा जीव टांगणीला लावू नका, असं म्हणत तिने धुतलेलीच भांडी पुन्हा घासायला घेतली.

"साहेब, ठोकळा हवा होता. हिचा," तात्या म्हणाले. "दुसरीकडे दाखवावा म्हणतो."

"माझ्यावर भरवसा नाही?"

"तसं नाही, साहेब. पण पोट एकदा काढलं की परत बसवता येत नाही."

डॉक्टरांनी कागदावर सही केली. मान मात्र वर केली नाही.

तात्यांनी ठोकळा मोठ्या इस्पितळात नेऊन दिला आणि सर्जनच्या हातापाया पडून आठवडाभर मुदत मागून घेतली. पुढचे चार दिवस घरात त्यांचा पाय ठरेना. फोन वाजला की दोघंही उठायची आणि कुणीच उचलायचं नाही.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. कॅन्सर होताच, पण वेगळ्या जातीचा. तो औषधांनी हटण्यासारखा होता. जठर काढायची गरज नव्हती. बायकोने सगळं ऐकून घेतलं. मग कुणाचं खरं मानायचं, असं तिने विचारलं. तिकडे कापांना वेगळे रंग देऊन चार जणांनी तपासलंय, असं तात्यांनी सांगितलं.

"म्हणजे मी पोटभर जेवू शकेन?" एवढंच तिने विचारलं, आणि तात्यांना तोंड फिरवावं लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी रिपोर्ट मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला, जुनी काच मागवली आणि मायक्रोस्कोपवर वाकले ते उठेचनात. त्यांनी चिडावं, ओरडावं, असं तात्यांना वाटत राहिलं.

"तुम्हाला शंका आली होती?"

"आली होती, साहेब."

"मग बोलला का नाहीत?"

इतक्या वर्षांत तात्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मागच्या दोन वर्षांतले जठराचे सगळे ठोकळे काढा. सगळे पुन्हा तपासून घ्यायचे."

तात्यांनी कपाट उघडलं. डॉक्टर खुर्चीतून उठून आले, कपाटाजवळच्या बुटक्या स्टुलावर बसले आणि त्यांनी ट्रे दोन्ही हातांनी धरला. तात्या एकेक नंबर वाचून ठोकळा त्यात ठेवू लागले.