लाल ठिपका खिडकीवर

पडद्यांचं दुकान आम्ही दोघा नवरा-बायकोंनी चालवलं. मी गिऱ्हाईक सांभाळायचो, घरोघरी जाऊन मापं घ्यायचो; ही शिवायची. ही गेली त्या दिवशी शटर खाली ओढलं, ते थंडी येऊन गेली तरी वर गेलं नाही.

मुलगी लांबच्या शहरात असते. ती म्हणाली, "दुकान विकून टाका आणि आमच्याजवळ राहायला या. घरं आपण मिळून बघू." तिने मला एक यंत्र पाठवलं. त्याला चष्मा म्हणतात, पण घोड्याला तोबरा बांधावा तसा तो तोंडावर बसतो.

तो घातला की मुलगी, जावई आणि मी आपापल्या घरी बसून एकाच खोलीत उभे. खोलीच्या भिंती म्हणजे वेबसाइटची पानं. फोनवर बोटाने सरकवतो तीच, पण इथे माणसापेक्षा उंच. घराच्या जाहिरातीला हात लावला की भिंत बाजूला होते आणि आपण तिघंही त्या घरात. ज्याची नजर जिथे, तिथे त्याचा ठिपका पडतो, म्हणजे कोण काय बघतंय ते बाकीच्यांना कळतं. मुलीचा पिवळा, जावयाचा हिरवा, माझा लाल.

मी नाही म्हणायला आलो होतो. दुकान पुन्हा उघडायचं माझं ठरलं होतं. पण आई गेल्यावर बाबांमध्ये काही उरलं नाही असं मुलीने धरून ठेवलं होतं. फोनवर सांगून पटत नव्हतं. म्हटलं, चार घरं बघू, प्रत्येकात खोट काढू, म्हणजे तीच कंटाळेल.

गिऱ्हाईकाचे डोळे वाचण्यात माझा जन्म गेला. बाई भाव विचारते स्वस्त कापडाचा आणि नजर असते वरच्या फळीवर. त्यामुळे मी पिवळ्या ठिपक्यामागे लागलो. तो बाथरूमच्या फरशीवर थांबला, मग जिन्याच्या कठड्यावर, मग गॅसच्या बटणांवर. मुलगी घर बघतच नव्हती. मी कुठे पडेन ते शोधत होती.

"अगं, बाथरूममध्ये धरायला दांडी मी इकडेच बसवून घेतो," मी म्हणालो. "दांड्या बसवणारा माणूस आपल्याच ओळखीचा आहे."

"मी काही बोलले का?"

"नाही बोललीस."

हिरवा ठिपका छतावर होता. मी विचारलं, "जावईबापू, वर काय सापडलं?"

"काही नाही बाबा. या चष्म्याच्या वजनाने मान आखडलीय."

दुसऱ्या घरात मी खोट काढायला सुरुवात केली. "स्वयंपाकघर फार अंधारं आहे."

"बाबा, स्वयंपाकघराकडे तुम्ही पाहिलंच नाहीत."

"पाहिलं की."

"लाल ठिपका आल्यापासून खिडकीवर आहे. मघाच्या घरातही तिथेच होता. वरचा डावा कोपरा, वरचा उजवा, मग खाली जमिनीपर्यंत."

"मापं घेताहेत," जावई म्हणाला. "मी कधीचा बघतोय."

दुसऱ्यांचे ठिपके बघण्याच्या नादात आपल्यालाही एक आहे, हे मी साफ विसरलो होतो.

"काय लावाल इथे?" मुलीने विचारलं.

"ऊन सरळ आत येतंय. जाड अस्तर हवं. दांडी चौकटीच्या वीतभर वर, नाहीतर खिडकी बुटकी दिसेल."

"आई असंच म्हणायची."

"तिचंच आहे ते. मी फक्त टेप धरायचो."

तिथल्या चेहऱ्यांना रडता येत नाही, आवाजाला येतं. मुलगी म्हणाली, "तुम्हाला दुकान उघडायचंय, दिसतंय मला. पण शिवणार कोण?"

शटर नेमकं इथेच अडलं होतं. शिवणारी शोधायची म्हणजे हिच्या मशीनवर दुसऱ्या कुणाला तरी बसवायचं. तिथे आलं की मी विचार सोडून द्यायचो.

"शोधू," मी म्हणालो. "आत्ताच शोधू. पान उघड."

घर मिटलं. आमच्या गावात शिवणकाम करणाऱ्यांचं पान समोर आलं आणि प्रत्येकाचा नमुन्याचा एकेक पडदा छतापासून खाली लटकला. मी मागे जाऊन उलटी बाजू बघू लागलो. पडदा शिवणाऱ्याचा हात मागूनच कळतो, फोनवर ते जमलं नसतं. पहिल्याची टीप मध्येच सुटली होती. दुसऱ्याच्या चुण्या एकसारख्या नव्हत्या. तिसरा एका बाईंचा होता. त्यांनी खालची पट्टी हाताने दुमडून कोपरे आत घेतले होते. तिथे मी थांबलो.

"आईसारखं नाही हे," मुलगी म्हणाली.

"नाहीच. आईची टीप बारीक होती. यांची मोठी आहे, पण सरळ आहे."

"बघवेल तुम्हाला? आईच्या मशीनवर दुसरं कुणी?"

"पहिल्या दिवशी बाहेर मापं घ्यायला जाईन. दुसऱ्या दिवशी बघवेल."

जावई हसला. मुलगी हसली नाही, पण तिने त्या बाईंचा नंबर उघडला. "कधी यायला सांगू?"

"परवा सांग. उद्या मशीनला तेल घालतो, बरेच दिवस बंद आहे."