बोळकी माशी

झोलेकाला नदीची राखण मिळून तेवीस दिवस झाले होते, आणि या तेवीस दिवसांत तिला नदीपेक्षा माणसांचीच राखण जास्त करावी लागली होती. मासे बिचारे आपापल्या जागी असतात.

काम तसं साधं. गावातल्या जुन्या दुकानाच्या ओसरीवर एक फळा, फळ्यावर नऊ खिळे, खिळ्यांवर नऊ लाकडी बिल्ले. नदीचे नऊ पट्टे पाडलेले, एका पट्ट्याला एक बिल्ला. ट्राउट धरायला आलेल्यांनी सकाळी सातला ओळीत उभं राहायचं, झोलेका देईल तो बिल्ला गळ्यात अडकवायचा आणि तेवढ्याच पट्ट्यात उतरायचं. एका पट्ट्यात दोन काठ्या, म्हणजे गळ टाकणारे दोघंच, जास्त नाहीत. मासा धरायचा, बघायचा, पाण्यातच सोडायचा. दिवसभर वापरलेला बिल्ला संध्याकाळी परत आला की तो लगेच खिळ्यावर जायचा नाही. फळ्याखालच्या आडव्या दांडीवर चार दिवस लटकायचा. त्या दांडीला सगळे ‘झोप’ म्हणत. झोपेतला बिल्ला कुणी उचलत नसे. ताता गुम्बींनी, म्हणजे सगळ्यांच्या गुम्बीबाबांनी, एकतीस वर्षं ही राखण केली, त्यांच्या काळात तर त्या दांडीकडे कुणी हातही नेला नाही.

ताता गुम्बींचे गुडघे गेले तेव्हा त्यांनीच झोलेकाचं नाव पुढे केलं. हॉटेलात खोल्या आवरता आवरता, पाहुण्यांनी टाकून दिलेल्या माश्या धाग्याधाग्यानं उसवत ती गळावर पिसांची माशी बांधायला शिकली होती. कोंबडीचं पीस, सशाची लव, बारीक तार. आता तेच पाहुणे तिच्या माश्या मागून नेत.

मार्चमधला, म्हणजे इकडच्या सरत्या उन्हाळ्यातला, तो शनिवार म्हणजे मासे धरणाऱ्यांच्या मंडळाच्या वार्षिक मेळाव्याचा दिवस. चोवीस माणसं आली होती; अर्धी सकाळी उतरायची, अर्धी दुपारी. उन्हाळी पाऊस मात्र जानेवारीनंतर फिरकलाच नव्हता, आणि नदी खडकांच्या घोट्यापर्यंत उतरली होती. ओसरीच्या दुसऱ्या टोकाला तिची मैत्रीण फेझिवे तेलात पिठाचे गोळे सोडत होती आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला टोमणे.

सारेल आला तो ओळ मोडूनच. साठी उलटलेला, मेंढ्यांचा मोठा शेतकरी. सगळं गाव त्याला ऊम, म्हणजे काका, म्हणायचं. मागे त्याचा जावई रीनार्ट, कोऱ्या करकरीत बुटांत.

“झोलेका, सात नंबर दे.”

“सात झोपलाय, ऊम.”

“मग उठव.”

“परवाच दोघंजण दिवसभर उतरले होते तिथं. मंगळवारपर्यंत नाही उठायचा.”

“माझा जावई जोहान्सबर्गहून नऊ तास गाडी हाकत आलाय.”

“मग त्यालाही झोप हवीच आहे.”

ओळीतले काहीजण हसले. सारेल नाही हसला.

“तो पट्टा माझ्या शेतातून जातो, ठाऊक आहे ना?”

“जातो ना,” झोलेका म्हणाली. “थांबत नाही.”

सारेलनं हात लांब केला आणि दांडीवरचा सातवा बिल्ला उचलला.

 फेझिवेचा झारा तेलावर तसाच राहिला.

झोलेकानं त्या हाताकडे बघितलं. नाही म्हणणं सोपं होतं. पण सहा ते नऊ, या चारही पट्ट्यांची वाट सारेलच्या फाटकातून जायची. त्यानं फाटकाला कुलूप घातलं की चोवीस माणसं उरलेल्या पाच पट्ट्यांत कोंबली जाणार, आणि एवढ्याशा पाण्यात रोज तुडवले गेले तर ते मासे हिवाळा बघणार नाहीत. आणि हो म्हटलं तर? रांगेत आणखी तीन शेतकरी उभे होते, तिघांच्या घरी पाहुणे होते. उद्या सकाळी झोपेची दांडी रिकामी झाली असती. फळा आज एकदा हरला की राखणदार म्हणून तिनं तिथं नुसतं उभं राहायचं, बिल्ले पुसत.

“घ्या,” ती म्हणाली. “पण आधी बोळकी माशी.”

सारेलच्या भुवया वर गेल्या. बोळकी माशी त्याला माहीत होती. ताता गुम्बी मासे मोजायला वापरायचे ती: पक्कडीनं गळाचं वाकण कापून टाकलेली, नुसती पिसं नि दांडा. मासा उठतो, तोंडात घेतो, ओढतो, थुंकतो. त्याला इजा नाही, आपल्याला मोजदाद.

“मी येते बरोबर. तुम्ही टाका, जावईबापू मोजतील. सातव्या पट्ट्यात खालून वरपर्यंत दहा मासे उठले, तर पट्टा जागा आहे असं मी मानेन आणि आज-उद्या तो तुमचा. दहा नाही उठले, तर हाच बिल्ला तुमच्याच हातानं, सगळ्यांसमोर, परत दांडीवर.”

“दहा? मी डोळे मिटून वीस उठवीन.”

“डोळे उघडे ठेवलेत तरी चालेल.”

“त्शोमी,” फेझिवे तिच्या कानाशी पुटपुटली, “मैत्रीण म्हणून विचारते. खात्री आहे?”

“परवा दिवसभर मार खाल्लेले मासे आहेत. माशी बघून तोंड फिरवतील.”

“माझा नवरापण असाच तोंड फिरवायचा. जेवायला मात्र यायचा.”

बाकीचे बिल्ले वाटून झाले, आणि नवाला तिघं पट्ट्याच्या खालच्या टोकाला उभी होती. सारेल हाताचा पक्का होता, हे झोलेकाही मान्य करायची. दोर मागे जायचा, हवेत सरळ व्हायचा, आणि माशी पाण्यावर अशी उतरायची की वर्तुळसुद्धा उठू नये. पहिल्या डोहात एक मासा उठला. खळाळात काहीच नाही. दुसऱ्या डोहात दोन सावल्या माशीखाली आल्या, थबकल्या आणि परत खाली गेल्या. तिसऱ्यात दोन. एका तासात झाले तीन.

“तीन,” रीनार्ट म्हणाला, घसरत. त्याचे बूट आता तितके कोरे राहिले नव्हते.

“मोजता येतं मला,” सारेल गुरगुरला.

झोलेका काठानं चालत होती. तिनं खिशातला पिठाचा गोळा काढून अर्धा रीनार्टला दिला. तिला मनातून बरं वाटत होतं, आणि ते लपवायची तिनं फारशी तसदी घेतली नाही.

मग शेवटचं वळण आलं. तिथं कड्याच्या पायथ्याशी एक झरा नदीत उतरतो, आणि त्याच्यापुढे जेवणाच्या टेबलाएवढा डोह आहे. सारेलनं माशी टाकली. मासा उठला. परत टाकली, दुसरा उठला.

“पाच!” रीनार्ट ओरडला. “सहा! पप्पा, सात!”

सारेल हसू लागला. आठवा उठला. मग एक ओठाला जखम असलेला, परवाच्या गळाची, तो दोनदा आला, आणि सारेलनं स्वतःच सांगितलं, “हा मघाचाच. धरू नकोस.” माशी टेकायच्या आत दोन दोन तोंडं वर येत होती.

झोलेका खाली बसली. आपण काय चूक केली ते तिला आता कळत होतं. दहा हा आकडा तिनं भरल्या नदीच्या वर्षांतून उचलला होता. भरल्या नदीत मासा पट्टाभर पसरलेला असतो. तिथं दहा म्हणजे खरंच जागा पट्टा. इथं सगळा पट्टा या एका झऱ्यापाशी येऊन दाटला होता. मार खाल्लेले होते, पण जाणार कुठे? खांद्याला खांदा लावून उभे होते आणि भुकेले होते.

“अकरा,” रीनार्ट म्हणाला. “बारा.”

बारानंतर सारेलनं दोर गुंडाळला.

“जिंकलात, ऊम,” झोलेका म्हणाली. आवाज तिनं सरळ ठेवला. पिशवीतून डबी काढली आणि स्वतः बांधलेली, गळ असलेली माशी त्याच्या तळहातावर ठेवली. “बोलले ते बोलले. आज-उद्या पट्टा तुमचा.”

रीनार्टनं काठी पुढे केली. “पप्पा, पटकन! इथं तर बादलीनं काढता येतील.”

सारेलनं माशी घेतली. बांधली मात्र नाही. गुडघाभर पाण्यात उभा राहून तो डोहाकडे बघत राहिला.  

“पाणी मोजायचा पारा आहे का तुझ्याजवळ?” सारेलनं विचारलं.

तिनं दिला. त्यानं आधी खालच्या खळाळात बुडवला. बावीस. मग झऱ्यापाशी. चौदा. तापल्या नदीतले मासे या गारव्याला धरून होते.

“पप्पा?”

“आपल्या वरच्या हौदावर कोरड्या सालात डोंगरातली हरणं येतात,” सारेल म्हणाला, डोहाकडेच बघत. “रानातली सगळी. माणूस दिसला तरी हलत नाहीत. तिथं सख्ख्या भावानं बंदूक काढलेलीसुद्धा मी चालवून घेतली नाही.”

“पण आपण जिंकलो ना?”

“जिंकलो. म्हणून तर मी ठरवणार.” तो काठावर आला आणि माशी झोलेकाला परत दिली. “फाटकाला कुलूप. पाऊस पडेपर्यंत. सहा ते नऊ, कुणी नाही. मीसुद्धा नाही.”

रीनार्टला हे ऐकून वाईट वाटलं. झोलेकाला वाटायला हवं होतं बरं, आणि मासे वाचले म्हणून वाटलंही. पण कुलूप त्याचं. आज त्याला हरणं आठवली म्हणून बंद. उद्या आणखी काही आठवलं की उघडं.

“कुलूप नको, ऊम.”

“काय?”

“फाटक उघडं ठेवा. सातवा पट्टा पाऊस पडेपर्यंत झोपेत, असं मी फळ्यावर लावते. आठ नि नऊ कड्याच्या सावलीत आहेत, तिथं पारा अठराच्या खाली असेल तोवर सकाळी दोन-दोन काठ्या. सहाचं मी आज दुपारी बघून ठरवेन.”

“तू आत्ता हरलीस, बाई. आणि वर मलाच हुकूम?”

“मासे मोजण्यात हरले. माझा आकडा चुकला, तो मी ओसरीवर सगळ्यांना सांगेन. पण नदी कुणी बंद करायची ते मोजणीत नव्हतं. तुमच्या फाटकानं बंद झाली तर उद्या तिघे जण आपापली फाटकं घेऊन येतील. मग मला माणसांच्या नाही, कुलपांच्या रांगा लावाव्या लागतील.”

सारेलनं टोपी काढून डोकं खाजवलं. रीनार्ट एकदा सासऱ्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होता.

“तो गुम्बी परवडला,” सारेल शेवटी म्हणाला. “तो निदान थकायचा.”

“एकतिसाव्या वर्षी मीपण थकेन.”

साडेबाराला ओसरीवर दुपारच्या बिल्ल्यांची ओळ लागली होती. झोलेकानं आधी आपला आकडा कसा चुकला ते सांगितलं, मग सातवा पट्टा का बंद ते. तिन्ही शेतकरी ऐकत होते, आणि त्यांची नजर तिच्यावर नव्हती. सारेल काय करतो यावर होती.

सारेल ओळीत उभा होता. दोन शाळामास्तरणींच्या मागे, सगळ्यात शेवटी. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं गळ्यातला बिल्ला काढून तिच्या हातात दिला.

“आम्हाला काय उरलंय?”

“पहिला पट्टा. कड्यावरचा. पाणी गार आहे, मासे बोटाएवढे. चढायला दीड तास लागतो.”

“बोटाएवढे!” रीनार्ट म्हणाला.

“शहाणे असतात पण,” झोलेका म्हणाली. “गळाचा उलटा काटा दाबून घ्या, म्हणजे मासा सोडताना इजा नाही. आणि निघा आता, मागे माणसं खोळंबलीत.”

मागे कुणीच नव्हतं. तरी दोघं निघाले. जावयाच्या बुटांनी टाचा चावायला सुरुवात केली होती; तो लंगडत होता, आणि सारेल त्याच्या आधी चढाला लागला होता.