रिकामं पेरणीयंत्र

लेकीचं बाळंतपण उरकून आत्या बसमधून उतरली आणि हातातल्या पिशवीसकट रस्त्यातच थबकली. दोन्ही बाजूंची शेतं पेरलेली होती. नुसती पेरलेली नव्हेत, उगवून करपलेली. कोंबांच्या पिवळ्या रेघा मातीवर पडल्या होत्या.

"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?" तिनं बांधावर बसलेल्या ट्रॅक्टरवाल्याला विचारलं.

तो तिचा नात्यानं कुणी नव्हता. पण तिला अख्खं गावच आत्या म्हणायचं. तो अदबीनं उठला. "तुम्ही पेरलंत, आत्या. मग आम्ही पेरलं."

"मी?"

"गेलात त्या दिवशी, बस धरायच्या आधी. तुमचं यंत्र या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरलं, मी डोळ्यांनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत गावात बियाणं उरलं नाही."

आत्याच्या पायाखालची जमीन सरकली. पायाखाली डांबरी रस्ता होता, तरी सरकली. यंत्राची नळी नवी बसवली होती. ती नीट चालते का, हे बघायला तिनं ते शेतातून फिरवलं होतं. रिकामं.

अलीकडे ऋतूंनी ताळतंत्र सोडलं होतं. म्हणून कृषी अधिकारी बाई रोज सगळ्यांच्या फोनवर निरोप धाडत: पावसाच्या एखाद्या सरीला भुलू नका, ओल वरवरची आहे, थांबा. गाव निरोप ऐकायचं, मान डोलवायचं आणि आत्याच्या शेताकडे बघायचं. आत्या मात्र निरोप ऐकून खरोखरच थांबायची. हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलं नव्हतं.

"अरे, एक फोन करून विचारायचंत!"

"तुम्हाला? म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही, असं झालं की हो!" ट्रॅक्टरवाला दुखावला. "आणि काही म्हणा, तुमचं तर उगवलंसुद्धा नाही, हाच काय तो गावाला धीर. जिथं आत्याचं उगवलं नाही, तिथं आपली काय कथा!"

"माझं उगवेल कसं? बी घरात आहे!"

ट्रॅक्टरवाल्यानं आ वासला आणि तो मिटायचं विसरला.

दिवस मावळेपर्यंत सगळं गाव आत्याच्या दारात तसंच आ वासून उभं होतं. शिव्या कुणी दिल्या नाहीत, आणि तेच तिला जास्त लागलं. तिनं कोठीचं दार उघडलं. घरचं बी राखून ठेवायची तिची जुनी खोड. तरी ज्याच्या त्याच्या निम्म्या शेताला जेमतेम पुरेल एवढंच निघालं. ते तिनं वाटून टाकलं.

"हे गेलं तर यंदा चूल पेटायची नाही. बाईंचा निरोप येईपर्यंत कुणी हलायचं नाही. मीसुद्धा त्यावरच चालते. कळलं?"

सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या धुतलेली चादर वाळत घालायला शेताच्या कुंपणाशी गेली. तिनं चादर झटकली मात्र, चहूकडून ट्रॅक्टर धडधडले.

आत्याचा हात हवेतच राहिला. "अरे, चादर आहे ती! चादर!"

"मग पेरायचं कधी, आत्या?" पलीकडून ट्रॅक्टरवाला ओरडला.

कालपासूनचा सगळ्यात मोठा धक्का आत्याला आता बसला. इतक्या वर्षांत गावानं पहिल्यांदाच तोंड उघडून विचारलं होतं.

"सांगते," ती म्हणाली. मग लक्षात येऊन कडाडली, "आधी ती इंजिनं बंद करा, मेल्यांनो! ऐकू कसं येणार?"