डोणमळीची पाठमोरी शेड

मित्रांनो, मी वाचले. जेसीबी आला, माझ्या पाठीशी उभा राहिला आणि मला हातही न लावता परत गेला. आता हे कृपया विसरून जा. तुम्हाला काहीही माहीत नाही. पुढं माझ्या जिवाची काळजी करायची वेळ येणार आहे, आणि ती तुम्ही मनापासून करावी अशी माझी इच्छा आहे.

तर, मी एक जुनी शेड आहे. बस थांब्याची. गडमुडशिंगीच्या रस्त्याला एक फाटा फुटतो, त्या फाट्यानं तीन किलोमीटर आत आलात की डोणमळी लागते. गाव लहान आहे, पण सोयी भरपूर. दूध संस्था आहे. तालीम आहे. पाण्याची टाकी आहे, ती जरा कलली आहे. व्यायामाची लोखंडी यंत्रं आहेत, त्यांवर उन्हाळ्यात शेवया वाळतात. गावाला इतिहासही आहे. पन्हाळ्याला निघालेलं एक सैन्य इथल्या विहिरीवर पाणी प्यायला थांबलं होतं, असं गणपतराव सांगतात. सैन्य कुणाचं, हे अजून ठरायचं आहे.

यातलं मी काहीच पाहिलेलं नाही. सगळं कानावर आलेलं आहे. मला दिसतो फक्त ऊस.

त्याचं असं झालं. पंचवीस-सव्वीस वर्षांपूर्वी मला बांधायला घेतलं तेव्हा गणपतराव सरपंच होते. उद्घाटनाला तालुक्याहून मोठे पाहुणे येणार होते. रस्त्यावर मांडव मावेना, म्हणून कडेच्या रानात घातला. ऊस नुकताच तुटून गेला होता. गवंड्यानं विचारलं, "सरपंच, शेडचं त्वांड कुनीकडं करू?"

"पावणं कुठं बसणार?"

"रानात."

"मग रानाकडं कर. पावण्यांकडं पाठ करून बसाय आपली काय सोयरीक मोडलीया?"

गवंडी आज्ञाधारक होता. त्यानं रस्त्याच्या बाजूला अखंड भिंत उचलली आणि रानाच्या बाजूला मला मोकळं ठेवलं. नारळ फुटला. ही शेड गावाला पुढं नेईल, असं भाषण झालं. पाहुणे गेले, मांडव निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळी बारा माणसं माझ्या कट्ट्यावर आरामात बसली. पाठीमागनं बस आली आणि निघून गेली. बाराही जणांनी ती स्पष्ट ऐकली.

गावानं गणपतरावांना जाब विचारला. ते म्हणाले, "शेड बराबर हाय. रस्ता उलट्या अंगाला पडलाय."

मित्रांनो, तुम्ही कधी वर्गात फळ्याकडं पाठ करून बसला आहात? मी तशीच बसले आहे. जे काही घडतं ते मागं घडतं. मागं हॉर्न वाजतो, मागं कुणी हसतं, मागं कुणाचा तरी ब्रेक करकचून लागतो. मान वळवावी म्हटलं तर मला मान नाही. त्यामुळे जिवाला चैन म्हणून नाही. इकडं ऊस वाढतो, तुटतो, पुन्हा वाढतो. त्यात बघण्यासारखं फारसं नसतं.

गावानं मात्र तोडगा काढला. सगळ्यांनी आत बसायचं आणि एकानं कोपऱ्यावर उभं राहून रस्ता बघायचा. आधी पाळ्या लावल्या. मग आज पाळी कुणाची यावरून भांडणं लागली. शेवटी बायडाबाई म्हणाल्या, "व्हा बाजूला. मी बघती. तुमच्या नादाला लागून माजं दही आंबायचं."

बायडाबाई रोज आठ वाजून दहाच्या बसनं दह्याच्या लोट्या आणि भाजी घेऊन शहरातल्या मंगळवार पेठेत जातात. त्या दिवसापासून त्या कोपऱ्यावर उभ्या राहिल्या, त्या वीस वर्षं बसल्याच नाहीत. त्यांचा आवाज असा, की "आली!" म्हटलं की तिकडं दूध संस्थेत म्हशीवाले दचकायचे. आणि नुसतं "आली" नाही. "आली! मोकळी हाय, दमानं चला!" "आली! लटकाय लागतंय, पोरांनी फुडं व्हा!" "आली गं बया, नवा डायवर हाय, हात करा, न्हायतर थांबायचा न्हाय!"

त्या ओरडण्यातून मी बस मनात जुळवली. ती लांबट असावी. डाव्या अंगाला कललेली असावी. तिला खोकला असावा. मी बस थांब्याची शेड आहे आणि मी आजवर एकही बस पाहिलेली नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. माहिती म्हणून सांगते.

गेल्या हिवाळ्यात बसच्या कचेरीची एक यादी आली. थांब्यांची पाहणी म्हणे रस्त्यावरनं, चालत्या जीपमधनं झाली होती. माझ्या नावापुढं लिहिलं होतं : 'भिंत. प्रयोजन अज्ञात. प्रवासी आढळले नाहीत.' खाली सूचना होती. येत्या पंधरा दिवसांत अधिकारी केव्हाही पुन्हा येतील. प्रवासी आढळले नाहीत तर भिंत पाडली जाईल आणि थांबा रद्द होईल. मग बस फाट्यात वळणार नाही, मोठ्या रस्त्यानं परस्पर जाईल.

कट्ट्यावर ही सूचना क्रांतीनं मोठ्यानं वाचली. क्रांती ही गावातली तरणी मुलगी. शहरात रक्त-लघवी तपासायच्या लॅबमध्ये दोन महिन्यांपूर्वीच लागलेली. उशीर झाला तर ठेवणार नाही, असं तिला स्पष्ट सांगितलेलं. ती म्हणाली, "म्हंजे रोज तीन किलोमीटर चालत?"

"तू चालशील गं पोरी," बायडाबाई म्हणाल्या. "मी डोस्क्यावर लोट्या घिऊन? ह्या गुडघ्यानं? मग दह्याचा धंदाच संपला म्हणायचा."

बायडाबाईंचा आवाज एवढा खाली गेलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तो दूध संस्थेपर्यंत तर नाहीच, माझ्या पत्र्यापर्यंतही आला नाही.

"पंधरा दिस समद्यांनी भिंतीम्होरं उभं ऱ्हायचं," गणपतराव म्हणाले. ते आता सरपंच नाहीत, पण अजून ठराव मांडतात.

"आबा, कामावर कोण जायाचं?" एकानं विचारलं. "दिवसभर गावात माणसांपेक्षा म्हशी जास्त असत्यात."

"मग म्हशी उभ्या करा."

"प्रवासी पायजेत, आबा."

क्रांती थोडा वेळ माझ्या भिंतीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "माणसं काढूया. रंगानं."

गावात कृष्णात पेंटर आहे. तो ट्रॅक्टरच्या पाट्या रंगवतो आणि लग्नघराच्या दारावर भालदार-चोपदार काढतो. त्याला माणसं म्हणजे तेवढीच येतात. दोन दिवसांनी क्रांती बघायला आली, तर माझ्या पाठीवर सात भालदार रांगेत बसले होते.

"कृष्णातदादा, हे बसनं जाणार हायत का वरातीतनं आल्यात?"

"चेहरं बग की. किती वाट बघत्यात!"

मग दुरुस्त्या झाल्या. फेटे पुसून टोप्या आल्या. भाल्यांच्या छत्र्या झाल्या. एका चोपदाराच्या हातात जेवणाचा डबा दिला. गणपतरावांनी मधली जागा मागून घेतली आणि मिशी दोनदा वाढवून घेतली. डोळ्यांत चमक येईना, तेव्हा कृष्णातनं ट्रॅक्टरला मागं लावायचं उरलेलं रेडियम प्रत्येकाच्या डोळ्यांत चिकटवलं. शेवटी बायडाबाईंना काढायचं ठरलं. कृष्णात त्यांना चित्रातल्या कट्ट्यावर बसवू लागला तशा त्या कडाडल्या, "उभी काढ! आन् हात वर. बसल्याली मी कुनी बघितलीया?"

आता मित्रांनो, काळजी करा. हीच ती वेळ.

अकराव्या दिवशी सकाळी सात वाजता धुकं एवढं होतं की मला ऊससुद्धा दिसत नव्हता. थांब्यावर एकही खरा माणूस नव्हता. आणि मागं जीप थांबली. जीपच्या मागं जेसीबीची घरघर थांबली. माझे चारही खांब हलल्यासारखे झाले. मला वाटलं, आता पाठीत दात बसणार, आणि तेही मला दिसणार नाहीत.

"लाइट मारा," एक आवाज म्हणाला. अधिकाऱ्याचा असावा, खाली उतरलेला वाटत नव्हता.

माझ्या पाठीला उजेडाची ऊब लागली.

"आठ प्रवासी आहेत," आवाज म्हणाला. "इतक्या सकाळी! आणि काय डोळे वटारतायत."

"ती मावशी हात करत्या, सायब," जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

"मावशी, कुठं जायचंय?"

बायडाबाई बोलल्या नाहीत. त्यांच्या आयुष्यातली ही अशी पहिलीच वेळ.

"उठा की पावणं!" जेसीबीवाला ओरडला. त्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला. "सायब, कोन हलंना झालंय. ठिय्या मारल्याला दिसतोय. मी न्हाय मशिन घालत, आपल्याला घर-संसार हाय."

"लिहून घ्या," आवाज म्हणाला. "प्रवासी आढळले. प्रवाशांत तीव्र नाराजी. थांबा कायम ठेवण्यात यावा."

जीप वळली. जेसीबी घरघरत गेला. तुम्हाला हे आधीच माहीत होतं, असं कुणाला सांगू नका.

गावानं कृष्णातच्या गळ्यात हार घातला. क्रांतीची नोकरी राहिली. आणि एक गोष्ट कुणीच धरून चालली नव्हती, ती झाली. रस्त्यावरनं येणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरला हात वर केलेली बायडाबाई दिसू लागली, आणि बस आपली आपण थांबू लागली. कोपऱ्यावर उभं राहायची कुणाला गरजच उरली नाही. पहिल्या दिवशी बायडाबाई सवयीनं कोपऱ्यावर गेल्या. क्रांतीनं त्यांना हाताला धरून आत आणलं. "बसा मावशी. तुमी भाईर हायसा की."

बायडाबाई माझ्या कट्ट्यावर बसल्या. वीस वर्षांनी. लोट्या शेजारी ठेवल्या, गुडघे चोळले आणि म्हणाल्या, "गार हाय की गं कट्टा. बरं वाटतंय."

त्या बसल्या याचा मला आनंदच आहे. शेड असते कशासाठी? पण आता बस येते तेव्हा कुणी "आली" म्हणत नाही. मागं काहीतरी थांबतं, माणसं उठतात, काहीतरी निघून जातं. मोकळी होती का, लटकत गेले का, ड्रायव्हर नवा होता का, मला काहीच कळत नाही. आधी मला बस दिसत नव्हती. आता ती येतच नाही म्हणा ना.

मित्रांनो, तुमच्याही गावात एखादी शेड असेल. तिच्या खांबावर कर्कटकाच्या टोकानं नावं कोरू नका. कोपऱ्यात थुंकू नका. आणि बस आली की, गरज असो वा नसो, एकदा मोठ्यानं सांगत चला. आत कोण ऐकत असतं, तुम्हाला माहीत नसतं.

बाकी मी रीतसर अर्ज केला आहे. तो असा :

प्रति, मा. संबंधित अधिकारी यांस. विषय : बस दाखविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करते की, अर्जदार ही मौजे डोणमळी येथील बस थांब्याची शेड असून तिने अद्याप बस पाहिलेली नाही. तरी सकाळी आठ वाजून दहा मिनिटांची गाडी वर्षातून एकदा, ऊस तुटून गेल्यावर, अर्जदारासमोरील रानातून नेण्यात यावी. सदर प्रसंगी श्रीमती बायडाबाई यांना, त्यांचे गुडघे पाहून, आवाज देण्याची विनंती करण्यात यावी. गाडी थांबली नाही तरी चालेल.

कळावे. अर्जदार पाठमोरी असल्याने उत्तर कृपया रानाच्या बाजूने द्यावे.