डाव्या हाताचा खेळ

मी एक घरगुती संगणक बोलतोय. संगणक म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे येतो तसा मी नाही. मला स्वतःचा पडदा नाही. जाडजूड वहीएवढा माझा जीव, वर रबरी बटणं, मागे दोन वायरी, एक टीव्हीला आणि एक कॅसेट-प्लेअरला. बंद केलं की कॅसेटवर न उतरवलेलं काम मी साफ विसरतो. माणसं मात्र विसरत नाही. ते कसं, हे मलाही सांगता येणार नाही.

माझी कंपनी लहान होती. दुकानात शेजारच्या फळीवर तेव्हाचा नावाजलेला संगणक होता आणि त्याच्या गेमच्या कॅसेटी ढिगाने होत्या. गिऱ्हाईक यायचं, माझी दोन बटणं दाबायचं आणि विचारायचं, "याला गेम कुठले आहेत?"

"चार-पाच असतील," दुकानदार सांगायचा. खोटं बोलणं त्याच्या स्वभावात नव्हतं. गिऱ्हाईक शेजारच्या फळीकडे वळायचं. आठ महिने धूळ झटकणाऱ्या फडक्याखेरीज मला कुणाचा हात लागला नाही.

मग ताई आली. ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. गेमचं तिने नावही काढलं नाही. एवढंच विचारलं, "एका हाताने टाइप करता येईल ना यावर?"

तो एक हात तिच्या बाबांचा होता. बाबा छापखान्यात कंपोझिटर होते. तेहतीस वर्षं त्यांनी अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवून पानं उभी केली होती. निवृत्तीनंतर वर्षभरातच झटका आला आणि उजवी बाजू गेली, वाचाही गेली. त्यांना समजायचं सगळं, पण शब्द सापडायचा नाही. ताईला वाटलं, बोलता येत नाही तर टाइप करतील.

"बाबा, काय हवंय ते लिहा," ती म्हणाली.

त्यांनी डाव्या तर्जनीने एकेक करत सात बटणं दाबली. पडद्यावर जे उमटलं त्याला काही अर्थ नव्हता. त्यांना तहान लागली होती, हे ताईला नंतर कळलं. ज्या माणसाच्या पानात चूक सापडली तर छापखान्यात बातमी व्हायची, तो माणूस ती सात अक्षरं बघत राहिला. मग त्याने माझी वायर ओढून काढली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

तीन आठवडे मी तसाच पडून होतो. फळीवरचे आठ महिने मला एवढे जड गेले नव्हते.

माझ्या खोक्यात एका क्लबचा पत्ता होता. माझ्यासारखे संगणक घेऊन पस्तावलेल्या लोकांचा तो क्लब. दूरच्या गावातले गणिताचे एक मास्तर तो चालवायचे, महिन्याला सायक्लोस्टाइलवर चार पानं काढायचे. ताईने मागवलेल्या पहिल्याच अंकात त्यांनी लिहिलं होतं, "आपल्याला गेम कुणी आणून देणार नाही. आपले आपण करायचे आणि एकमेकांना द्यायचे." खाली एका गेमच्या दोनशे ओळी छापलेल्या. नदीतली होडी खडकांमधून न्यायची, बटणं फक्त दोन.

सुट्टीच्या दिवशी ताईने त्या सगळ्या ओळी माझ्यात टाइप केल्या. मी चालवून बघितल्या आणि अडलो. एकशे चाळिसाव्या ओळीत चूक आहे, असं सांगितलं. ती ओळ तिने वीस वेळा तपासली, तर ती अगदी बरोबर.

"जाऊ दे, माझ्याच्याने होणार नाही," असं म्हणून ती उठणार, एवढ्यात मागे काठी वाजली. बाबा खुर्चीतून उठून आले होते. त्यांनी पडद्यावर साठाव्या ओळीवर बोट ठेवलं, मग अंकातल्या त्याच ओळीवर. अंकात स्वल्पविराम होता, ताईच्या हातून पूर्णविराम पडला होता. मी फक्त अडलो ती ओळ सांगितली होती, मूळ चूक मागे होती.

"बाबा, तुम्ही हे वाचलंत?"

त्यांनी मान हलवली. वाचलं नव्हतं, बघितलं होतं. खिळ्यांवरच्या उलट्या अक्षरांत उभं आयुष्य गेलेला माणूस. झटक्याने त्याचे शब्द नेले, पण नजर न्यायची राहून गेली होती.

ताईने तो ठिपका बदलला आणि होडी निघाली. बाबा माझ्यापुढे बसले. त्यांच्या डाव्या हाताने ती अकरा वेळा खडकावर आपटली. बाराव्या वेळी पार झाली, तेव्हा त्यांच्या घशातून एक आवाज आला. ते हसणं आहे हे ओळखायला ताईला एक क्षण लागला.

तिने मास्तरांना हे कळवलं. मास्तर हुशार. त्यांनी पुढच्या अंकाची पानं छापण्याआधीच तपासायला धाडून दिली. बाबांना पुन्हा काम मिळालं. रोज सकाळी दाढी करून, चष्मा पुसून ते टेबलाशी यायचे. ताई ओळी टाइप करायची, ते पडदा आणि पान ताडून बघायचे. अंकाच्या शेवटी छापून येऊ लागलं, "मुद्रितशोधन: एक जुने कंपोझिटर."

मग ताईने स्वतःचा गेम रचला. वरून खिळे पडतात, ते ज्याच्या त्याच्या खणात टाकायचे. तिने सारखे बारा खण काढले होते. बाबांनी ते बघितलं आणि भडकले. पेन्सिल मागून घेतली, डाव्या हाताने छापखान्यातली खिळ्यांची खरी पेटी काढली. जास्त लागणारी अक्षरं हाताजवळच्या मोठ्या खणांत, कधीमधी लागणारी कोपऱ्यात.

"एवढे खण याच्या मेमरीत मावणार नाहीत, बाबा."

त्यांनी टेबलावर हात आपटला.

चार दिवस बापलेकीचं भांडण चाललं, एक बोलत होती आणि एक आपटत होता. शेवटी ताईने गेममधलं संगीत काढून टाकलं आणि सगळे खण बसवले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत सुखाचे चार दिवस.

क्लबच्या साठ-सत्तर जणांना कॅसेट गेली. त्यांची पत्रं आली, त्यांनी केलेले गेम आले. गेम नाहीत म्हणून ज्याला कुणी घेत नव्हतं, त्याच्या कॅसेटींना एक खोकं पुरेना.

पण कंपनी बुडाली. एकेक सभासद दुसऱ्या संगणकाकडे गेला. अंक चारचा दोन पानांचा झाला आणि अखेर मास्तरांचं कार्ड आलं, "आता आपण तिघंच उरलो. थांबू या." ते कार्ड यायच्या आधीच बाबा गेले होते. दुपारी पान तपासताना दुसरा झटका आला. ताईने मला पुसलं, खोक्यात घातलं आणि कपाटावर ठेवलं.

तिथे मी सव्वीस वर्षं होतो. खाली नवे संगणक आले, त्यांचे आवाज मी ऐकायचो. एक्स्चेंज बंद झालं, ताई निवृत्त झाली. हळूहळू घरात बोलणंच राहिलं नाही. ती आणि मी एकाच खोलीत होतो, पण तिला ते आठवत होतं की नाही, कुणास ठाऊक.

मग एक दिवस मास्तरांचा मुलगा आला. वडिलांच्या मागे सापडलेल्या कॅसेटींतले गेम त्याने इंटरनेटवर टाकले होते. "आता हे गेम कुठल्याही संगणकावर चालतात, मावशी. मूळ यंत्र लागतच नाही," तो आनंदाने म्हणाला. त्याने मला उघडून साफ केलं, एक भाग बदलला. जाताना बजावलं, "फार लावू नका. याचे पार्ट मिळत नाहीत."

ताईने मला टेबलावर ठेवून वर कापड घातलं. कपाटावर होतो तेव्हा निदान वाट तरी बघत होतो.

गेल्या महिन्यात मास्तरांच्या मुलाकडून नंबर घेऊन एका अनोळखी बाईचा फोन आला. तिच्या आईला झटका आलेला, बोलणं गेलेलं. ताईचा गेम ती डाव्या हाताने दिवसभर खेळते. "तिला अजून काही देता येईल का?" बाई विचारत होती.

ताईने वही-पेन पुढे ओढलं. मग म्हणाली, "आई काय करायच्या?"

"शिवणकाम. चाळीस वर्षं."

"मग मला कपडा कसा बेततात ते नीट सांगा. सावकाश, मी लिहून घेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माझ्यावरचं कापड काढलं. नव्या संगणकावर तिला गेम रचता येत नाही. रोज तासभर ती माझ्यापुढे बसते, दीडशे ओळी झाल्यात. माझं एक बटण अडकतं आणि अर्ध्या तासातच मी तापतो. आतलं काहीतरी जाणार, हे मला कळतं आणि तिलाही.

म्हणून तुम्हाला विनंती. तुमच्या माळ्यावर माझ्यासारखा एखादा पडला असेल तर फेकू नका. त्याचा एखादा पार्ट मला लागेल. पण काढण्याआधी त्याला एकदा लावून बघा. सुरू झालाच, तर तो पार्ट राहू द्या त्याच्याकडेच. मी माझं बघेन.